काट्याचा ऐब

मिरकरवाड्यात 'काटा' या एका शब्दाला तीन कामं आहेत. माशाचा काटा, वजनाचा काटा आणि गाडीतल्या डिझेलचा काटा. पहिला घशात अडकतो, दुसऱ्यावरून भांडणं होतात आणि तिसऱ्यावर जुना पिकअप चालवणारा कुणीच भरवसा ठेवत नाही. भाषा शिकवणारी बाई म्हणून पहिल्या दोघांशी माझी ओळख जुनी. तिसऱ्याशी करून दिली धाकट्या भावाने. तेरा वर्षं त्याने एकच पिकअप चालवला. बंदरावर बांगडा-सुरमईचे क्रेट भरायचे, वर बर्फ टाकायचा आणि हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं.

त्या गाडीचा काटा विचित्र होता. टाकी फुल केली की बराच वेळ जागचा हलायचा नाही. मग अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखा उतरायचा. अर्ध्यावरून एकदम पावावर पडायचा आणि तिथेच बसायचा. टाकी कोरडी झाली तरी पावच. घाटाच्या चढावर एक सांगायचा, उतारावर दुसरंच.

भावाने मला याची कारणं समजावली, ती अशी. टाकीत एक तरंगा असतो, त्याला जोडलेला दांडा. डिझेल कमी झालं की तरंगा खाली येतो आणि दांड्याचं टोक एका पट्टीवर सरकतं. टोक जिथे असेल त्याप्रमाणे विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो आणि त्यावर पुढचा काटा हलतो. वर्षानुवर्षं घासून पट्टी एखाद्या जागी झिजते, तिथे काटा उडी मारतो. दांडा वाकला किंवा अडकला की काटाही अडकतो. टाकीचा आकार सरळ खोक्यासारखा नसेल तर 'अर्धा' म्हणजे अर्धं डिझेल असतंच असं नाही. चढावर डिझेल टाकीत मागे सरकतं, तरंगा त्याच्याबरोबर. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे खारं पाणी. क्रेटमधलं बर्फाचं पाणी रोज चॅसीवर ठिबकतं, अर्थिंगचा बोल्ट गंजतो. मग वीज नीट परतत नाही. काही गाड्यांत काटा त्याने खाली पडतो, काहींत वर चढतो.

दुरुस्त का नाही केला? केला होता. टाकी उतरवून नवा तरंगा बसवला, गाडी दिवसभर उभी राहिली, एक खेप बुडाली. दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. त्यानंतर त्याने काट्याचा नाद सोडला आणि किलोमीटर मोजायला लागला. टाकी फुल केली की मीटरचा आकडा वहीत. तेवढ्यावर तेरा वर्षं निघाली. डिझेलची गाडी कोरडी पडली तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही, पाइपात हवा शिरते. हातपंप मारून एअर काढावी लागते. हे काम रात्री दोन वाजता घाटाच्या वळणावर करायची वेळ आली, तर मागे बर्फ वितळत असतो आणि बर्फाबरोबर त्या दिवसाची कमाईही.

गेल्या वर्षी गाडी विकायची ठरली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खेपा नाहीत, नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला पैसे हवेत. एजंटने सोपा सल्ला दिला, "टाकी फुल करून दाखव. काटा 'फुल'वर राहील, कोण बघतंय?" खोटं एकही नाही. टाकी भरलेली, काटा भरलेली दाखवतोय. भरलेल्या टाकीवरच तो काटा खरा बोलायचा.

मला हा सल्ला फार अस्वस्थ करून गेला, कारण त्यात पकडण्यासारखं काही नव्हतं. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचाही मूळ कल असा की घेणाऱ्याने पारखून घ्यावं. अपवाद आहेत, पण कल तो. आपल्या फिकहमध्ये मात्र 'खियार-उल-ऐब' आहे. न सांगितलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क. ऐब सांगणं विकणाऱ्याच्या अंगावर आहे. ऐब असणं गुन्हा नाही, जुन्या वस्तूला तो असणारच. माहीत असून गप्प बसणं वेगळं. तेरा वर्षं भावाला त्या काट्याचा त्रास झाला नाही, कारण काट्याचं सगळं ज्ञान त्याच्या डोक्यात होतं. गाडी विकली आणि ज्ञान घरी ठेवलं, तर घेणाऱ्याकडे उरतो तो फक्त काटा.

गाडी बघायला आलेला मुलगा घाटावरचा, विशीतला, भाजी वाहायला पहिलीच गाडी घेत होता. भावाने पाव टाकीवर गाडी दाखवली आणि सगळं सांगितलं. मुलाने नव्या तरंग्याचा आणि मजुरीचा खर्च किमतीतून कमी करून मागितला. भावाने दिला. एजंट दिवसभर बोलला नाही. अम्मी म्हणाली, "पैशांचं बघू, रात्री झोप तर लागेल."

भाव मला म्हणाला, "आपा, तू बाई आहेस ना, हे त्याला नीट लिहून दे." मी मोठ्या अक्षरात लिहिलं: फुलवर काटा थांबतो, घाबरू नये. अर्ध्यावर आला की टाकी भरावी. पावावर विश्वास ठेवू नये. घाटात काटा बघू नये. किलोमीटर लिहावेत. अर्थिंगचा बोल्ट पावसाळ्याआधी साफ करावा. त्याने तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात आतून चिकटवला.

आता भावाकडे नवी गाडी आहे. तिला काटा नाही, उजेडाच्या पट्ट्या आहेत. शेवटची पट्टी पेटल्यापासून विझेपर्यंत किती किलोमीटर होतात, ते तो वहीत लिहितो आहे. ही गाडीही कधीतरी कुणाला तरी विकायची आहेच.