अडीचशे शब्द

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत गेला महिनाभर आयेल्ट्सचे वारे आहे. कन्येला एम.एस्‌सी.साठी विलायतेस जायचे आहे आणि तिकडच्या विद्यापीठाला तिचे इंग्रजी नऊपैकी निदान साडेसहा तरी भरायला हवे आहे. बालवर्गापासून इंग्रजीतून शिकलेल्या मुलीची इंग्रजीची परीक्षा! पण नियम तो नियम.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. तेव्हा माझ्या वाट्याला काम आले ते घड्याळ धरून बसण्याचे. लेखनाचा पेपर एका तासाचा. त्यातली चाळीस मिनिटे निबंधाची. निबंध किमान २५० शब्दांचा. पाठ करून आणलेली वाक्ये परीक्षकाने ओळखली, तर गुण जातात. जन्मभर 'मी पाहिलेला सूर्योदय' तपासत आलेल्या मला हा नियम फारच आवडला. (आमच्याकडे तो लागू केला, तर सूर्य उगवायचाच बंद होईल!) तरी दादरच्या क्लासने तिला साचा दिलाच होता: एका बाजूने असे, दुसऱ्या बाजूने तसे, शेवटी माझे मत. शिक्षण हा तर तिथला हमखास विषय. गणवेश हवा की नको, परीक्षा हव्यात की नकोत, सारे त्याच साच्यात.

परवा संध्याकाळी सौभाग्यवती चकल्यांची भाजणी भाजत होती. कन्येने सरावाचा प्रश्न वाचला: मुलांना मातृभाषेतून शिकवावे की इंग्रजीतून?

मी घड्याळ खाली ठेवले. "अगं, हा वाद आपल्या मुंबईत १८४७ सालीच झालाय! शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी म्हणत, माध्यम इंग्रजीच हवे. आपले नाना शंकरशेट त्याच मंडळाचे सभासद. ते म्हणाले, विद्या लोकांत पसरायची तर लोकांच्याच भाषेतून. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यात दोघांनाही जागा मिळाली. खालच्या वर्गांना देशी भाषा, वर इंग्रजी. तू रोज जो रस्ता ओलांडतेस ना, त्याला नानांचेच नाव आहे."

"पण बाबा, नानांनी हे लिहिलं कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत," मी जरा हळूच म्हणालो. "वाचणारे साहेब होते."

"म्हणजे त्यांनीही आयेल्ट्सच दिली म्हणायची!"

चाळीस मिनिटांनी कागद हाती आला. नाना एका वाक्यात उरकले होते. पण प्रश्नाखाली सूचना होती की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणे द्यावीत. ती तिने मनावर घेतली होती. 'माझे वडील मराठी शाळेत शिकले व आज कॉलेजात मराठी शिकवतात. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातले. त्यांचे लेख दिवाळी अंकात येतात. मी ते आईकडून वाचून घेते.'

तिचा प्रवेशाचा अर्ज आणायला मी निघालो, तो दिवस मला आठवला. वाटेत माझी शाळा लागत होती. मी पलीकडच्या फुटपाथाने गेलो होतो.

"बाबा, ते वाक्य खोडू का?" तिने विचारले.

मी पुन्हा शब्द मोजले. दोनशे सत्तावन्न होते.

"नको," मी म्हटले. "खोडलेस तर अडीचशे भरायचे नाहीत."