एक घास दुधीचा

दुधी भोपळा ही भाजी देवाने नेमकी कशासाठी निर्माण केली, याचा उलगडा मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत झाला नव्हता. बायको म्हणते, पोटाला हलका असतो. भाजीवाला म्हणतो, "साहेब, लोण्यासारखा आहे." लोण्यासारखा आहे, तर मी लोणीच का घेऊ नये, हा साधा प्रश्न मी त्याला कधी विचारला नाही. भाजीवाल्याशी वाद घालणाऱ्याला वरची कोथिंबीर मिळत नाही. सांगायचा मुद्दा, लहानपणापासून दुधी आणि मी एकमेकांपासून अंतर राखून होतो. पण गेल्या वर्षी आमच्या घरी कन्यारत्न आलं आणि सहा महिन्यांनी तिच्या मागोमाग दुधीही घरात शिरला.

लग्नानंतर तब्बल बारा वर्षांनी आमच्या घरात पाळणा हलला. कन्येचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ती चिंगी. इतक्या उशिरा आलेल्या मुलाचं जे होतं तेच तिचं झालं. ती शिंकली की घरातली तिन्ही माणसं उभी राहतात. सहा महिने पुरे झाल्यावर थाटात उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर तिने अशी चाटूनपुसून खाल्ली, की मामा म्हणाले, "पोरगी खाण्यात बापावर गेली आहे." मी खूश झालो. ते वाक्य किती खरं आहे, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी सौ.ने दुधी वाफवून, गाळून, मऊ लगदा करून चमच्याने तिच्या तोंडात घातला. चिंगीने क्षणभर विचार केला आणि तो जिभेने जसाच्या तसा बाहेर ढकलला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत नव्हे, पण बावीस वर्षांच्या नक्कीच, मी हजारो चेक परत केले आहेत. प्रत्येकाला कारण जोडावं लागतं. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटली. इथे कारण न देता माल परत! दुसरा चमचा परत. तिसरा माझ्या शर्टावर.

मग सल्ले सुरू झाले. मूल आपलं असलं तरी त्याने काय खावं हे ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक असतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गूळ घाला." आमच्या शाखेतले कॅशियर म्हणाले, "मोबाइल दाखवा, हत्तीसुद्धा गिळेल." आई म्हणाली, "काऊ-चिऊ दाखव." म्हणून मी गॅलरीच्या कठड्यावर काऊचा घास ठेवला. पितृपक्षात भाताच्या शितासाठी एकमेकांच्या उरावर बसणारा तो कावळा आला, त्याने मान वाकडी करून दुधी पाहिला आणि समोरच्या बिल्डिंगवर जाऊन बसला. चिंगीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की साक्षीदार मिळाला!

मी चमच्याचं विमान केलं. डोंबिवली फास्ट केली. लोकल पाहून चिंगी आनंदाने तोंड उघडायची, गाडी फलाटात शिरायची आणि सगळे उतारू एका फुंकरीत बाहेर! असे आठ-पंधरा दिवस मी कॉलरवर दुधी घेऊनच काउंटरवर बसलो. बँकेच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस हप्ता आला नाही, की कर्ज अनुत्पादक ठरतं. चिंगीचं खातं मी चौथ्याच दिवशी अनुत्पादक ठरवलं आणि भाजी बदलली. मग पडवळ, मग गाजर, मग पालक. प्रत्येकाला एकेक संधी आणि प्रत्येकाची एकेक फुंकर.

आठव्या महिन्यात वजन भरलं सात किलो दोनशे. शेजारचा त्याच वयाचा बाळ नऊ किलोचा. त्या रात्री सौ. झोपली नाही आणि मी झोपल्याचं सोंग केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंपुढे आरोपीसारखे बसलो.

बाईंनी शांतपणे वाढीचा तक्ता काढला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली ठरवलेल्या मापांचा तो तक्ता होता. त्यावर मुलींच्या रेघा वेगळ्या आणि मुलांच्या वेगळ्या असतात, हेही मला तिथेच कळलं. "ही आपल्या रेघेवर व्यवस्थित चालली आहे," बाई म्हणाल्या. "शेजारच्या बाळाची रेघ त्याची त्याला." मग म्हणाल्या, "वर्षभर वरून मीठ नको, साखर-गूळ नको." आईने विचारलं, "निदान मधाचं बोट?" "वर्षाच्या आत मध तर अजिबातच नको. क्वचित त्यातून विषबाधा होते." आईचा चेहरा पडला. तिच्या मते आमची सगळी पिढी मधाच्या बोटावर वाढली होती.

"आणि भाजी?" मी विचारलं.

"गोडाची आवड मूल जन्मतःच घेऊन येतं. कडू-तुरट चवीचा मात्र त्याला संशय असतो. पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात, तेव्हा हा संशय शहाणपणाचाच आहे. ती ओळख पटायला वेळ लागतो. एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पुढे करावी लागते. तुम्ही किती वेळा दिलीत?"

"एकेकदा. दुधी मात्र चारदा."

बाई हसल्या. "आणि तुम्ही स्वतः कुठल्या भाज्या खाता? मुलं आपल्या ताटाकडे बघून शिकतात."

खोलीत शांतता पसरली. सौ.ला खोकला आला. "हे बटाटा खातात," ती म्हणाली.

"बटाटा भाजीत धरत नाहीत," बाई म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनाही धरत नाही, असं पुढे समजलं. माझ्या जन्मभराच्या भाजीच्या खात्यात शून्य शिल्लक निघाली.

तरीही मी लगेच सुधारलो, असं समजू नका. पुढच्या रविवारी सौ. बाहेर गेली होती. चिंगीने ओठ घट्ट मिटले होते. अर्धा तास लोकल चालवून माझा हात भरून आला होता. डोळ्यांपुढे ती सात किलो दोनशेची रेघ नाचत होती. आणि माझा डावा हात कधी तिच्या नाकाकडे गेला, मला कळलंच नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

"नको रे," आई दारातून म्हणाली.

तिचा आवाज असा होता, की मी हात काढला. आई येऊन माझ्याजवळ खाली बसली. चिंगीला तिने मांडीवर घेतलं नाही, नुसतं तिच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "तुला मी असाच भरवला. टायफॉइडमधून उठलास, तेव्हा नुसता सापळा राहिला होतास. डॉक्टरांनी सांगितलं, दुधी द्या. तू तोंड उघडायचा नाहीस. मग मांडीत दाबून धरायची आणि नाक दाबायची. एक घास गेला की वाटायचं, एक दिवस निभावला. तू जगलास. पण दुधी गेला तो गेलाच. इतकी वर्षं तू पान सरकवतोस, तेव्हा मला कळत नाही का?"

मला त्या आजारातलं काही आठवत नाही. कानाशी वाजणारी काकणं तेवढी आठवतात. दुधीच्या वासाबरोबर ती का आठवतात, हे त्या दिवशी कळलं. आईला काय म्हणावं, मला सुचेना. बँकेत सक्तीची वसुली असते. त्यात रक्कम वसूल होते, पण गिऱ्हाईक पुन्हा आपली पायरी चढत नाही. तिला तरी दुसरा मार्ग कुठे होता? मला होता. माझ्यापुढे तक्ता होता.

"आई," मी म्हणालो, "आज दुधी कर. मला."

तेव्हापासून आमच्या घरात नवी व्यवस्था सुरू झाली. दुधी मुगाची डाळ घालून मऊ शिजवायचा. मीठ आणि फोडणी पडण्याआधी चिंगीचा वाटा बाजूला काढायचा. मग उरलेल्यात मिरची, खोबरं, कोथिंबीर. मी जमिनीवर तिच्यासमोर बसून जेवायचं. तिच्यापुढे वाटी ठेवायची, आग्रह करायचा नाही. नाही म्हणाली तर वाटी उचलायची, आपला चेहरा न उचलता. हे शेवटचं मला फार जड गेलं.

याच सुमारास क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंचा प्रयोग वाचनात आला. नुकतंच दूध सुटलेल्या बाळांपुढे त्यांनी साध्या पदार्थांचं तबक ठेवलं आणि परिचारिकांना गप्प बसायला सांगितलं. बाळ ज्याला हात घालेल तेच द्यायचं. १९२८ साली त्यांनी ते छापलं. प्रत्येक बाळाची निवड निराळी, पण सगळी धष्टपुष्ट झाली. मी उत्साहाने सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या तबकात फरसाण होतं का?" नव्हतं. साखरही नव्हती. खरी मेख तिथेच होती. तबक मोठ्यांनी भरायचं, निवड बाळाने करायची. दुसऱ्या दिवशी फरसाणाचा माझा डबा माळ्यावर गेला.

कॅलेंडरवर मी खुणा करत होतो. पाचवी खेप, फुंकर. सातवी खेप, चाटून पाहिलं. नववी खेप, दुधी केसांना. अकराव्या खेपेला चिंगीने आपल्या वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती रांगत आली, माझ्या ताटाच्या कडेला चुकून राहिलेली तिच्या वाट्याची बिनमिठाची फोड तिने मुठीत धरली आणि तोंडात घातली. चेहरा वाकडा केला. आम्ही तिघांनी श्वास रोखला. तिने गिळलं. मग ओला हात पुढे करून ती म्हणाली, "म्म."

सौ. डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. मी ताटाकडे पाहिलं, तर माझा दुधी संपला होता. कधी संपला, मला आठवेना. आईने न विचारता आणखी एक डाव वाढला आणि मी पान सरकवलं नाही. तिची काकणं वाजली. बरं वाटलं.

आता डॉक्टरीणबाईंनी शेपू सुचवला आहे. चिंगीची तयारी दिसते. मी आईला सांगून ठेवलं आहे, मला आठ-दहा वेळा द्यावा लागेल. नाक मात्र दाबायचं नाही.