सदतीस, अडतीस आणि गाडीचे स्पीकर



ऑक्टोबर छाटणीला अजून दहा-बारा दिवस आहेत. काडी पिकली का, पेस्ट किती टक्क्यांची लावायची, असे फोन सुरू झालेत. त्यावर दोन दिवसांनी लिहितो. आज गाडीच्या स्पीकरवर लिहितोय. काहीजण म्हणतील, ह्याला बागेत काम राहिलेलं दिसत नाही. पण शेवटपर्यंत वाचा, विषय बागेवरच येणार आहे.

आमची गाडी २०१४ ची. लहानच आहे, जुनी घेतलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या किमतीच्या सगळ्या गाड्यांचं थोडंफार सारखंच असतं. आत कंपनीचाच स्टिरिओ, पुढं दोन आणि मागं दोन स्पीकर. मी गाडीत बातम्या आणि बाजारभाव ऐकणारा माणूस. त्यामुळं आवाज कसा आहे हे कधी मनात आलं नाही.

या आषाढीला थोरल्या पोरानं एक काम केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आबांची एक कॅसेट होती. १९९३ साली देवळात एकादशीचं भजन झालं, त्याची. आबा गायचे नाहीत, टाळ धरायचे. टेपरेकॉर्डर आमचाच, म्हणून तो आबांच्या पुढ्यातच ठेवलेला. पोरानं पहिल्यांदा मोबाईल टेपसमोर धरून रेकॉर्डिंग केलं, त्यात पंख्याची घरघर आली. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली आणि नीट उतरवून पेनड्राईव्हवर घेतलं. आबांना जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. त्यांचा फोटो आहे, आवाजाचं असं दुसरं काही नाही.

गाडीत लावलं तर पखवाज डब्यावर काठी मारल्यासारखा. गाणाऱ्याचा आवाज पातळ. आवाज वाढवला की दाराचं प्लॅस्टिकच खडखडायला लागायचं. पोरगं म्हणालं, "दादा, रेकॉर्डिंग चांगलंय, स्पीकर गेलेत."

सांगलीला एका दुकानात विचारलं. त्यांनी मोठा स्क्रीन, अॅम्प्लिफायर, डिकीत ठेवायचा बासचा खोका आणि चार स्पीकर मिळून २३,००० सांगितले. एवढ्यात माझी शेणखताची एक गाडी निघते. मी चहा पिऊन परत आलो.

पुतण्यानं आयटीआय केलंय, इलेक्ट्रॉनिक्स. तो म्हणाला, "काका, पाच हजारांत करू. सगळं एकदम बदलायचं नाही. आधी पुढची दोन दारं. बसणारी माणसं पुढं असतात, मागच्यांना आहे ते बास." मी म्हटलं, कर.

आता जे शिकलो ते सांगतो, कुणाला उपयोग होईल.

पहिलं म्हणजे वॅट. नव्या स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॅट छापलेलं. पुतण्यानं खोका उलटा करून बारीक अक्षरं दाखवली, आरएमएस ४५. खरा आकडा तो. औषधाच्या बाटलीवर नाव मोठं असतं आणि घटकाची टक्केवारी बारीक असते, तसंच हे. स्टिरिओचंही तेच. वर ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं, पण एका स्पीकरला धड १५-२० वॅटच मिळतात. म्हणून कमी वॅटात जास्त वाजणारा स्पीकर बघायचा. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. एकावर ८७ आणि दुसऱ्यावर ९० असेल तर ९० वाला तेवढाच आवाज निम्म्या वॅटात काढतो. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट. हा ३ चा आकडा ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहे.

दुसरं, माप. आमच्या दाराला साडेसहा इंची बसतो. पण नुसता घेर बघून चालत नाही, खोलीही मोजावी लागते. नाहीतर काच खाली आली की चुंबकाला धडकते. काच पूर्ण खाली घेऊन मोजा.

तिसरं, दार. मला वाटायचं आवाज स्पीकर काढतो. पुतण्या म्हणाला, "काका, मिरजेत तंबोरे करतात ते बघितलेत ना? तार कितीही चांगली असू द्या, भोपळा नसेल तर काय उपयोग? इथं दार म्हणजे भोपळा." दाराचं पॅड काढल्यावर आत पातळ पत्रा आणि हाताएवढाली भोकं. स्पीकरचा पडदा पुढं आवाज ढकलतो तसा मागंही ढकलतो. मागचा आवाज भोकांतून पुढं आला की दोन्ही एकमेकाला मारतात, आणि पहिला मरतो तो जाड आवाज. पखवाज तिथंच गेलेला. मग बाहेरच्या पत्र्याला आतून काळी चिकट डॅम्पिंग शीट लावली, रोलरनं दाबून दाबून, आणि आतली भोकं बुजवली. मात्र दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती बुजवायची नाहीत. काचेवरचं पावसाचं पाणी दारातूनच खाली जातं, ते अडलं की पत्रा सडतो. पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागदही फाडून टाकू नका. आमच्यात आधीच्या मालकानं तो फाडलेला. जुन्या स्पीकरचा कागदी पडदा ओल धरून मऊ पडला होता.

चौथं, वायर कापायची नाही. तयार कपलर मिळतात, एका बाजूला गाडीचा, दुसऱ्या बाजूला स्पीकरचा. उद्या गाडी विकायची झाली तर जुनं परत बसतं. आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढायची.

खर्च असा: स्पीकरची जोडी २,४००, डॅम्पिंग शीट १,३००, रिंगा आणि कपलर ५५०, क्लिपा, टेप वगैरे २५०. एकूण ४,५००. पुतण्याची मजुरी म्हणजे दोन वेळचं जेवण.

सगळं बसवून चालू केलं तर आवाज पहिल्यापेक्षा पोकळ! पखवाज होता तेवढाही गेला. माझं तोंड बघून पुतण्या हसला नाही, एवढं बरं केलं. त्यानं रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल काढून एकेका स्पीकरच्या वायरींना टेकवला. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की पडदा बाहेर यायला पाहिजे. डाव्याचा आला, उजव्याचा आत गेला. उजव्याच्या वायरी उलट्या लागलेल्या. एक बैल पुढं ओढतोय, दुसरा मागं, मग नांगर कसा चालायचा? वायरी पालटल्या आणि पखवाज गाडीत येऊन बसला. खरं सांगतो, छातीला लागत होता.

स्टिरिओतलं बास आणि ट्रेबल दोन्ही शून्यावर आणलं. मागचे स्पीकर थोडे कमी केले. पोरगं मागं बसलेलं, ते म्हणालं, "दादा, आबांचा टाळ काय खणखणतोय!"

मला टाळ ऐकूच येत नव्हता.

मी म्हटलं, कुठाय टाळ? दोघं एकमेकाकडं बघायला लागले. मला वाटलं माझ्या बाजूचा स्पीकर अजून चुकलाय. जागा बदलून बसलो. तेच. ट्रेबल वाढवत वाढवत शेवटाला नेलं, तेव्हा लांब कुणीतरी किल्ल्या वाजवतंय असं काहीतरी आलं. तेवढ्यात दोघांनी कानांवर हात ठेवले होते.

घरात सौ. दोन वर्षं म्हणत होती, "मी काय भिंतीशी बोलते का?" मी म्हणायचो, तूच हळू बोलतेस. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्याच आठवड्यात मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो.

बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीक-जाड आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. नंतर कागदावर रेघ येते. माझी रेघ सुरुवातीला बरी आणि ४,००० हर्ट्झला खड्ड्यात गेलेली, पुढं थोडी वर. दोन्ही कानांची तशीच. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, द्राक्षबाग. "ट्रॅक्टर स्वतः चालवता? ब्लोअर?" म्हटलं, पंचवीस वर्षं. स्वतःची बाग तर मारलीच, भाड्यानं दुसऱ्यांच्याही मारल्या. ते म्हणाले, "हा खड्डा वयाचा नाही, आवाजाचा आहे."

मग त्यांनी हिशोब सांगितला. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत कानाला चालतो असं धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर कानाशी ९० च्या पुढं सहज जातं, त्यात मागं ब्लोअर. हे तेच ३ डेसिबल. स्पीकर घेताना फायद्याचे, कानाला तोट्याचे. आत आवाज पकडणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत फुटत नाहीत. खरड छाटणीनंतर वेल फुटतो तसं इथं नाही.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही, असं होतं ना?" बरोबर तसंच. बोलण्यातला जाड भाग पोचतो. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक आवाजाची, ती गळतात. फोनवर तर जास्तच.

तिथं खुर्चीवरच मला गेल्या फेब्रुवारीचा सौदा आठवला.

एक एकराचा प्लॉट, साधारण नऊ टन माल. आठ वर्षांचा ओळखीचा व्यापारी. भाव फोनवर ठरला. मी अडतीस ऐकलं. माल गेल्यावर पट्टी आली सदतीसनं. किलोला एक रुपया म्हणजे नऊ हजारांचा फरक. मी त्याच्यावर तुटून पडलो. तो म्हणत होता, "दादा, मी सदतीसच म्हटलं होतं, देवाशपथ." मी चार माणसांसमोर त्याला लबाड म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद. गावात पण सांगत फिरलो की ह्याला माल देऊ नका.

सदतीसमधला स काढून बघा, काय उरतं.

तो खरंच काय म्हणाला होता, ह्याला पुरावा नाही. पण आठ वर्षांत त्यानं एक पैसा बुडवला नव्हता, आणि माझ्या कानाचा कागद माझ्या हातात होता. घरी येईपर्यंत गाडीत काही लावलं नाही.

फोन करायला चार दिवस लागले. ज्या कानामुळं चुकलो, त्याच कानानं फोनवर माफी मागायची नको वाटली, म्हणून शेवटी त्याच्या घरीच गेलो. सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही मला लबाड म्हटलात ते दोन बागायतदारांनी धरून ठेवलं, त्यांचा माल मला मिळाला नाही." मी म्हटलं, त्या दोघांकडं मी स्वतः जातो. गेलो. एकानं ऐकून घेतलं, दुसरा म्हणाला बघू. व्यापाऱ्यानं चहा दिला, पण पहिल्यासारखं झालंय असं मी म्हणणार नाही. या वर्षी माल त्याला देणार, भाव व्हॉट्सअॅपवर लिहून घेणार. त्यालाही ते पटलं.

आता बागेचं. ब्लोअरवर यंदापासून थोरला बसतो. छाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनीची भीती असली की दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा फवारणी होते, तुम्हाला माहीतच आहे. त्याच्यासाठी कानावर घालायचे मफ आणलेत, कारखान्यात वापरतात तसले. काही शे रुपयांत मिळतात. औषधाचा मास्क लावायला आपण आत्ता कुठं शिकलोय, कान तसेच उघडे असतात. पोरगं म्हणतं गरम होतं. मी म्हणतो, मग सकाळी लवकर मार, पण घाल. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांनी तर जास्तच जपा. इंजिनाच्या वर गाणं ऐकायचं म्हणजे त्याच्याहून मोठं लावावं लागतं.

डॉक्टरांनी मला सध्या उरलेलं जपायला सांगितलंय. सहा महिन्यांनी परत तपासणी, मग कानाच्या मशीनचं ठरवू.

गाडीचे स्पीकर उत्तम चाललेत. पखवाज, गाणाऱ्याचा आवाज सगळं येतं. ट्रेबल मी थोडं वाढवून ठेवलंय, पोरांना चालेल एवढंच. आबांचा टाळ अजून नीट येत नाही. पोरगं शेजारी असलं की मांडीवर बोटानं ठेका धरतं, त्यावरून मला कळतं कुठं टाळ पडतोय.

ज्यांची घरची माणसं "हळू बोलतेस" आणि "भिंतीशी बोलते का" ह्यावरून भांडतायत, त्यांनी छाटणीच्या गडबडीआधी एकदा कान तपासून घ्या. पेस्टवर दोन दिवसांनी लिहितो.

राम राम.