खोडायचं नाही, कंस करायचा

मी अभियांत्रिकीच्या मुलांना गिट शिकवतो. ते मला ज्यांच्यामुळे शिकवता येतं, ते राहुरी तालुक्यातले एक निवृत्त तलाठी आहेत. मुळेच्या उजव्या कालव्यावरचं आमचं गाव त्यांच्या सजात होतं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणतो. गिट हे नाव त्यांच्या कानावर बऱ्याच उशिरा पडलं, पण त्यामागचा विचार त्यांच्या हाताला आयुष्यभर सवयीचा होता.

प्रोग्राममधला प्रत्येक बदल कोणी, कधी आणि कशासाठी केला हे जपून ठेवणारं गिट लिनस टॉरव्हाल्ड्सने एप्रिल 2005 मध्ये लिहायला घेतलं. लिनक्सचं काम तोवर बिटकीपर या सॉफ्टवेअरवर चालायचं. ते फुकट वापरायची मुभा संपली आणि त्याने घाईने स्वतःचं साधन उभं केलं. ते त्याच्यासारख्याच जाणकारांसाठी होतं, आणि नावं देण्यातली ती घाई आजही नवख्यांना भोवते. कमिट करण्याआधी, म्हणजे बदलाची पक्की नोंद करण्याआधी, बदल जिथे मांडून ठेवायचे त्या जागेला कुठे इंडेक्स म्हणतात, कुठे कॅश, कुठे स्टेज. तिन्ही एकच. चेकआउट ही एकच आज्ञा ब्रँचही, म्हणजे कामाची वेगळी चाललेली शाखाही, बदलते आणि फाइलमधलं न जपलेलं कामही पुसून टाकते. ही दोन कामं वेगळी करणाऱ्या स्विच आणि रिस्टोअर या आज्ञा 2019 मध्ये, 2.23 या आवृत्तीत आल्या. सबव्हर्जन हे अशाच कामाचं दुसरं साधन वापरलेल्या माणसाला रिव्हर्ट म्हणजे हातातला बदल टाकून देणं वाटतं. गिटमध्ये त्याच रिव्हर्टने जुना बदल उलटवणारी नवी नोंद तयार होते.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं पारनेर, पाथर्डी, अकोले या तालुक्यांतली, घरातली पहिलीच इंजिनिअर. ती या शब्दांपाशी अडली की स्वतःच्या इंग्रजीला दोष देतात. मला ते फार लागतं. इंग्रजी माध्यमातली मुलंही नेमकी तिथेच अडतात. मग सगळीच तीन-चार आज्ञा मंत्रासारख्या पाठ करतात आणि काही बिघडलं की सगळं फोल्डर पुसून पुन्हा उतरवून घेतात. यात मुलांचा दोष नाही. आज्ञा आधी आणि बदलांची नोंद ठेवण्यामागचा विचार नंतर, अशा उलट्या क्रमाने त्यांना हे शिकवलं जातं.

मला तो विचार आधी मिळाला. मी शिकत होतो तेव्हा राज्यभर हस्तलिखित सातबारे संगणकावर घेण्याचं काम चाललं होतं. लॉगिन, डिजिटल सही, एडिट, री-एडिट असे शब्द भाऊसाहेबांच्या पुढ्यात एकदम येऊन पडले होते. शाईच्या पेनाने सुंदर अक्षरात लिहिणारा तो माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर रात्री जागून लॅपटॉप शिकत होता. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसायचो. ते दप्तरातली नोंद वाचून दाखवत, मी पडद्यावरची ताडून पाहत असे. कंटाळा येऊ नये म्हणून ते प्रत्येक नोंदीची हकीकत सांगत.

आमच्याच गटाचा उतारा निघाला तेव्हा मी विचारलं, "भाऊसाहेब, आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांचं नाव अजून इथं कसं?"

"कंस केलाय की त्याला. खोडायचं नसतं रे, कंस करायचा. शेजारी गोलातला आकडा दिसतो का? तो फेरफाराचा नंबर. तिकडं जाऊन बघ, आजोबांचं नाव का गेलं अन् तुमची का आली ते."

मग त्यांनी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली. चारच रकाने. नोंदीचा क्रमांक, हक्क कसा मिळाला, कोणत्या गटावर परिणाम झाला आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही. सातबारा आजची स्थिती दाखवतो, ती कशी आली हे फेरफार सांगतो. हस्तलिखित दप्तरात नवी नोंद आली की सातबाऱ्यावर ती आधी पेन्सिलने घ्यायची. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये, विवादग्रस्त म्हणून. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हा मगच शाई यायची. पुढे अपिलात प्रांतांनी फेरफार रद्द केला, तरी ते पान कोणी फाडत नाही. त्या आदेशाचीच नवी नोंद होते.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर गिट समोर आलं, तेव्हा स्टेजला नावं कितीही असोत, मला ती पेन्सिल दिसली. लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, फेरफारांची रांग दिसली. रिव्हर्टमध्ये प्रांतांचा आदेश दिसला. एकाच ओळीवर दोघांनी वेगळं लिहिलं की गिट थांबतं आणि निर्णय माणसावर सोपवतं. अनेकांना तिथे धडकी भरते, पण सहा-अ पाहिलेल्या माणसाला त्यात वावगं वाटत नाही. गिट शिकण्याच्या उभ्या चढावर मला भाऊसाहेबांनी किती वर नेऊन ठेवलं होतं, हे तेव्हा कळलं.

त्यांची नोंदवही जिथे संपते तेही मी वर्गात स्पष्ट सांगतो. ब्रँच ही सोय तलाठ्याकडे नाही. एका जमिनीचे दोन वेगळे वर्तमान काही दिवस शेजारी शेजारी चालवून पाहता येत नाहीत. रिसेट-हार्ड करण्याचा, म्हणजे मागच्या नोंदीवर जाऊन पुढचं सगळं टाकून देण्याचा, अधिकारही त्याला नाही, आणि तो नसणं गावाच्या हिताचं आहे. गिटमध्ये तो प्रत्येकाच्या हातात असतो. त्याने सुटलेल्या कमिटचा माग रिफ्लॉग या गिटच्या अंतर्गत नोंदीत, सेटिंग बदललेलं नसेल तर, 30 दिवस राहतो. कमिटच न केलेल्या, नुसत्या फाइलमध्ये लिहिलेल्या कामाचा मात्र मागमूस राहत नाही. म्हणून पहिल्या तासाला मी आज्ञा शिकवतच नाही. जुन्या सातबाऱ्याची प्रत फळ्यावर दाखवतो आणि विचारतो, या नावाला कंस का झाला असेल? तलाठी भरतीचा अभ्यास करणारी दोन-चार मुलं वर्गात असतातच. एरवी मागच्या बाकावर बसणारी ती मुलं त्या दिवशी पुढे येऊन इतरांना समजावतात. त्यानंतर कमिटचा संदेश 'बदल केला' इतकाच लिहिणारे कमी होतात, कारण फेरफारात 'नाव बदलले' एवढंच लिहून कोणाचं भागत नाही, हे त्यांना घरून ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीत हे सगळं भाऊसाहेबांना सांगितलं. लॅपटॉप उघडून एका प्रोजेक्टचा लॉग दाखवला. त्यांनी बारकाईने पाहिला आणि विचारलं, "यात प्रमाणित कोण करतं?" मी पुल रिक्वेस्ट दाखवली, दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल मुख्य ब्रँचमध्ये जाऊ न देण्याची सोय दाखवली. "अन् ती न लावता पण चालतं?" चालतं म्हटल्यावर ते नाराज झाले. त्या दिवसापासून माझ्या वर्गातल्या प्रत्येक प्रोजेक्टला ती सोय सक्तीची आहे.

पुढच्या सत्रात पहिला तास त्यांनीच घ्यावा अशी विनंती केली आहे. ते तयार आहेत. पोरांनी येताना आपापल्या घरचे जुने उतारे आणायचे, एवढं त्यांनी बजावलंय.