ना सरपंच, ना नगरसेवक

३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत २३ गावं एकदम सामील झाली. त्यातल्याच एका गावात आमचे व्याही राहतात. पंचायतीत ते दोनदा निवडून आले होते. आमच्या मढला असलं काही होण्याची शक्यता नाही म्हणा! माळशेज घाटाच्या अलीकडचं आमचं गाव, पुणं शंभर किलोमीटरच्या पुढे. पण व्याह्यांकडे गेलो की विषय तोच निघतो.

विलीनीकरण चुकीचंच, असं मी म्हणणार नाही. शेतांत दहा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्यावर एवढ्या लोकांचा कचरा नि सांडपाणी ग्रामपंचायतीला कुठून झेपणार? तिचे सदस्य फार तर १७! माझं दुखणं वेगळं आहे. गावं गेली त्या दिवशी तिथल्या ग्रामपंचायती संपल्या, सरपंचपद संपलं. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीही मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं या गावांना ना सरपंच, ना स्वतः निवडून दिलेला नगरसेवक. कर मात्र होताच.

व्याही म्हणाले, "गुरुजी, पूर्वी खांबावरचा दिवा गेला की लोक मला पारावरच गाठायचे. शिव्यासुद्धा द्यायचे! पण दिवा लागायचा."

मला ग्रामसभा आठवल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. शाळेचं झेंडावंदन उरकलं की आम्ही मास्तर मंडळी तिकडे. भांडणं व्हायची, कोरम भरायचा नाही, हे सगळं खरं. तरी एखादी म्हातारी उठून नळाच्या पैशाचा हिशोब विचारायची आणि ग्रामसेवकाला दप्तर उघडावं लागायचं. शहरातल्या प्रभागात हजारो मतदार, तिथे ही म्हातारी कुठे उठून उभी राहणार?

आमच्या शेजारचं आंबेगाव डिंभे धरणात बुडालं. तालुक्याला नाव अजून तेच आहे, कचेरी घोडेगावला. इथे उलट झालंय. घरं, देऊळ, पार सगळं जागच्या जागी, पंचायत तेवढी नाही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत गेली होती. २०२४ मध्ये ती बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. व्याह्यांना विचारलं, "तुमचं काय?"

"आमच्यात आता जुनी घरं किती उरलीत, गुरुजी? बाहेर पडायचं म्हणणार कोण?"