कानापासून कानापर्यंत

लग्नसराईत बेळगावच्या गणपत गल्लीत पाय टाकायला जागा नसते. खानापूर, चंदगड, निपाणीकडून बस्त्याला आलेली कुटुंबंच्या कुटुंबं पिशव्या सांभाळत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात असतात. कासाराच्या पुढ्यात नवरी बसलेली असते. कासार टेप काढत नाही की कागद-पेन्सिल घेत नाही. तिचा अंगठा तळव्याकडे दुमडतो, चार बोटं एकत्र आवळतो, हात एकदा दाबून पाहतो आणि सांगून टाकतो, "दोन-सहा." आणि दोन-सहाच बसते.

पलीकडे घड्याळाच्या दुकानात नवरदेवाची मात्र पंचाईत झालेली असते. काचेवर सात-आठ घड्याळं मांडलेली. मामा म्हणतात, "मोठं घे की रे, फोटोत दिसू दे जरा." वडील काहीच बोलत नाहीत. दुकानदार विचारतो, "कितीचं दाखवू? चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस?" नवरदेवाला स्वतःच्या चपलेचा नंबर ठाऊक आहे, शर्टाचा आहे, पँटच्या कमरेचाही आहे. मनगटाचं माप मात्र आजवर त्याला कोणी विचारलेलंच नाही.

कासाराचं गणित सोपं दिसतं, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या घोटलेलं आहे. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश, मिलिमीटरमध्ये साठच्या आसपास. दोन-चारला कोणी सव्वादोन म्हणतं, दोन-आठला अडीच. हे माप मनगटाचं नसतंच. ते पंजाचं असतं, अंगठ्याच्या बुडाशी हात जिथे सर्वांत रुंद होतो तिथलं. बांगडी तेवढा घाट उतरली की पुढे मनगटावर तिला मोकळं रान. ती सैलच राहायला हवी, नाहीतर वाजणार कशी?

घड्याळाचं सगळं याच्या उलट. पट्टा उघडतो, त्यामुळे पंजातून जाण्याचा प्रश्न नाही. पण एकदा बसल्यावर त्यानं हलायचं नाही. म्हणून इथे पंजा नव्हे, मनगट मोजायचं. आणि मनगट बांगडीसारखं गोल नसतं. ते आडवं चपटं असतं. वर एक लहानसं सपाट अंगण, दोन्ही कडांना उतार आणि करंगळीच्या बाजूला वर आलेलं हाड. घड्याळाचा सारा संसार त्या अंगणात मावायला हवा.

शिंप्याची टेप त्या हाडाच्या जरा मागे, कोपराच्या बाजूला गुंडाळली की घेर कळतो. तो साडेसोळा सेंटिमीटर भरला असं धरू. मनगट अगदी गोल असतं तर त्याची रुंदी सव्वापाच सेंटिमीटर आली असती. चपटं असल्यामुळे ती थोडी जास्त येते, पण वरचं सपाट अंगण त्याहून कमीच. दुकानातला ठोकताळा असा, की पंधरा-सोळाच्या घेराला ३४ ते ३८ मिलिमीटरचं घड्याळ शोभतं आणि सतरा-अठराला ३८ ते ४२ चं. ठोकताळा वाईट नाही, पण अर्धवट आहे. डब्यावर छापलेला आकडा घड्याळाच्या रुंदीचा असतो आणि घड्याळ हातावर आडवं बसतं ते रुंदीनं नव्हे, कानांनी.

घड्याळाला कान असतात, वर दोन आणि खाली दोन. पट्ट्याची पिन ज्यांत अडकते ती ही शिंगं. कारागीर त्यांना 'लग' म्हणतात. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचं अंतर हे घड्याळाचं खरं माप. सीको कंपनीचं एसकेएक्स००७ हे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ रुंदीला साडेबेचाळीस मिलिमीटर आहे. पण त्याचे कान आखूड आणि खाली वळलेले, त्यामुळे कानापासून कानापर्यंत ते सेहेचाळीसच्या आसपासच भरतं आणि बारीक मनगटावरही निमूट बसतं. उलट कान लांब आणि सरळ असले तर चाळीसचं घड्याळ पन्नासपर्यंत पसरतं. मग दोन्ही टोकं मनगटाबाहेर डोकावतात आणि पट्टा कडेवरून थेट खाली लोंबतो.

म्हणजे प्रश्न हद्दीचा आहे, आणि हद्दीचं या मुलखाला काय सांगायचं! निपाणी गाव कर्नाटकात आणि निपाणीकरांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरं सकाळी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात तासाला बसतात. गावाला ते चालतं. घड्याळाच्या कानांना चालत नाही.

मनगटाला हे माप लागायला लागून फार काळ झालेला नाही. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात भरलं; त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीच्या बाजूला आजही आहे. वेळेच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या गांधीजींचं घड्याळ कमरेला लटकलेलं असायचं. त्याला मनगटाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या पिढीपर्यंत घड्याळ ही खिशाची वस्तू होती आणि हातावर घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई.

ती समजूत मोडली पहिल्या महायुद्धानं. एका हातात नकाशा, दुसऱ्यात शिट्टी किंवा पिस्तूल; तोफा थांबण्याचा आणि हल्ला सुरू होण्याचा क्षण ठरलेला. अशा वेळी खिशातून साखळी ओढत कोण बसणार? अधिकाऱ्यांनी घड्याळ हातावर बांधलं ते कायमचं. मराठा पलटणींनी त्या युद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्याचे हाल सोसले. पुढे १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात रुजलं. हिंदुस्थानी फौजेत तेव्हा वेस्ट एंड वॉच कंपनीच्या घड्याळांना मोठा मान. त्यांच्या एका घड्याळाचं नावच 'सोवार', म्हणजे घोडेस्वार. फौजेतली एक सवय इकडच्या खेड्यांत निवृत्त जवानांच्या हातावर अजून दिसते. तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. काच उन्हात चकाकू नये म्हणून लागलेली ही सवय पेन्शन सुरू झाली तरी जात नाही.

त्या काळी पुरुषाचं घड्याळ ३१ ते ३६ मिलिमीटरचं असे. पाटेक फिलिपचं १९३२ मधलं कालात्राव्हा, जे आजही डौलदार घड्याळाचा नमुना मानतात, जेमतेम एकतीसचं होतं. मोठी घड्याळंही होती, पण ती मनगटासाठी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांचं घड्याळ पंचावन्न मिलिमीटरचं, कारण ते जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधायचं. इटालियन नौदलातल्या पाणबुड्या सैनिकांसाठी पानेराईनं बनवलेलं सत्तेचाळीसचं, कारण गढूळ पाण्यात काटे दिसायला हवेत.

आपल्याकडे मनगटाला खरं घड्याळ मिळालं ते बंगळूरहून. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि पाचच वर्षांनी, १९६१ मध्ये, हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला. एचएमटी 'जनता' आली. चावीचं घड्याळ, सतरा ज्वेल, पांढरी स्वच्छ तबकडी, आकार साधारण पस्तीस मिलिमीटर. एसएसएलसी पास झालेल्या पोराला बक्षीस एचएमटी, जावयाला एचएमटी, निरोप समारंभात मास्तरांना एचएमटी. म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधार्थ दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत ज्या मुठी वर उठायच्या, त्यांतल्या कित्येकींच्या खाली बंगळूरचंच घड्याळ टिकटिकत असणार. त्यावरून कोणी कधी वाद घातल्याचं ऐकिवात नाही.

'जनता' शेतकऱ्याच्या रुंद हातावर लहान वाटत नसे आणि कारकुनाच्या बारीक हातावर मोठी वाटत नसे. तिची काच किंचित फुगीर, कडेची पट्टी बारीक, म्हणून जवळजवळ सगळा चेहरा तबकडीचाच. पांढरी तबकडी आणि बारीक कड असली की घड्याळ आकड्यापेक्षा मोठं दिसतं. काळी तबकडी आणि जाड कड तेच घड्याळ आवळून दाखवते. गोलाच्या मानानं चौकोनी घड्याळ मोठं भासतं, कारण चारही कोपरे भरलेले असतात. टायटननं २००२ मध्ये काढलेलं 'एज' जाडीला अवघं साडेतीन मिलिमीटर होतं. शर्टाच्या बाहीखाली ते सरकलं तरी कळत नसे. जाडी हे असं तिसरं माप, आणि डोळ्याला न कळता बाहीच्या बटणाला कळणारं.

दरम्यान, १९९० नंतर जगाला मोठ्या घड्याळांचं वेड लागलं. पानेराईची सैनिकी घड्याळं बाजारात आली, सिनेमातल्या धिप्पाड नटांच्या हातावर चढली आणि बघता बघता चव्वेचाळीस-सेहेचाळीस हे साधं माप झालं. लोहगोल पेलायला भीमाचा दंड हवा, पण घातला कारकुनांनीही. आता वारं पुन्हा फिरलं आहे. रोलेक्सचं 'एक्स्प्लोरर' पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसचं होतं. २०१० मध्ये ते एकोणचाळीसचं झालं आणि २०२१ मध्ये परत छत्तीसवर आलं. तिकडे १९८९ पासूनचं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, तेहतीस मिलिमीटर रुंद आणि एकवीस ग्रॅम वजनाचं, या सगळ्या धुमाळीत जागचं हललं नाही. कॉलेजातल्या पोरांच्या हातावर ते होतं आणि आहे.

कोणाच्या हाताला किती घड्याळ, हे शेवटी हात काय काम करतो त्यावरही ठरतं. निपाणीत तंबाखूच्या पेठेमागच्या गल्ल्यांत विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. टेंभुर्णीच्या पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं. जरा मोठं कापलं तर पान वाया, लहान कापलं तर विडी मिटत नाही. चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोऱ्याचा फेरा. मजुरी हजारी विड्यांवर. या कामात मनगट क्षणभरही सरळ नसतं. मनगट मागे दुमडलं की जाडजूड घड्याळाची चावी हाताच्या पाठीत रुतते. डिंकाच्या चिकट कामात, पिठात, रंगात, इंजिनात हात घालणाऱ्या कोणालाही हा त्रास ठाऊक असतो. म्हणून काही जण घड्याळ उजव्या हाताला बांधतात, म्हणजे चावी पंजाकडे न येता कोपराकडे जाते. काही जण सरळ खुंटीला अडकवून ठेवतात.

हल्लीच्या स्मार्ट घड्याळांनी तर मापाला नवं कारण दिलं आहे. पाठीमागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची ये-जा पाहून नाडीचे ठोके मोजतो. घड्याळ मोठं आणि सैल असलं की दिव्याच्या आणि कातडीच्या मधून उजेड शिरतो आणि मोजणी चुकते.

दुकानात नवरदेव अजून चव्वेचाळीस बांधून उभा आहे. मामांनी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत ते आणखीच अवाढव्य दिसलं, कारण मोबाइलची काच जवळची वस्तू फुगवते. दुकानदारानं त्याला आरशासमोर उभं केलं. "हातभर लांबून बघा की. लोकं तुम्हाला असंच बघणार." आरशात दोन्ही कान मनगटाबाहेर निघालेले स्वच्छ दिसले.

तेव्हा वडिलांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात एचएमटी 'जनता', आजोबांचं. तपकिरी पट्टा भेगाळलेला. दुकानदारानं चार वळसे चावी दिली आणि घड्याळ कानाला लावलं. मग पट्टा बोटावर आडवा धरून पाहिला. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचाच असावा असा राकट. या चपलांना २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर-सांगलीबरोबर बेळगाव जिल्हाही आहे. अथणीकडे, निपाणीकडे चामड्याचा हात जुना. पट्ट्याला कारखान्यातली भोकं सारख्या अंतरावर होती आणि त्यांतलं तिसरं वापरून वापरून लांबट झालेलं. सगळ्यांच्या पलीकडे, तबकडीच्या बाजूला, आरीनं पाडलेलं आणखी एक, थोडं वाकडं. म्हातारपणी मनगट वाळत गेलं तेव्हाचं.

"पट्टा नवा घालतो, अठराचा," दुकानदार म्हणाला. "आणि बांधताना एक बोट जाईल एवढी जागा ठेवा. उन्हाळ्यात दुपारी हात सुजतो थोडा, पावसात परत सैल होतंय." तो खण उघडून पट्टे काढू लागला.

दारात नवरी येऊन उभी राहिली, दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरलेले. नवरदेवानं चव्वेचाळीस काढून काचेवर ठेवलं, जुना पट्टा मनगटावर ओढला आणि बकलाचा काटा तिसऱ्या, लांबट भोकात घातला.