लाहोरातले गंगाराम

लाहोरात क्वीन्स रोडवरच्या सरकारी दवाखान्याला लोक नुसतं ‘गंगाराम’ म्हणतात. सर गंगाराम हे इंजिनिअर. लाहोरचं म्युझियम त्यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं. पण पैसा मिळाला तो शेतीतून. पडीक माळावर पंपाने पाणी चढवून त्यांनी पिकं घेतली. त्याच कमाईतून १९२१ मध्ये गरिबांसाठी हा दवाखाना निघाला. १९२७ मध्ये ते लंडनला वारले. अस्थींचा काही भाग लाहोरात, रावीकाठच्या समाधीत आहे.

फाळणीत कुटुंब लाहोर सोडून दिल्लीला आलं. तिथे १९५४ मध्ये त्याच नावाचा दुसरा दवाखाना सुरू झाला. त्या दंगलींवर मंटोंनी चार ओळींची गोष्ट लिहिली आहे: जमाव गंगारामांच्या पुतळ्यावर तुटून पडतो आणि जखमी झालेल्याला न्यावं लागतं गंगारामच्याच दवाखान्यात!

त्यांची पणती श्रीला फ्लॅदर लाहोरात जन्मली, पुढे ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात पोहोचली. जन्मगावी परतल्यावर तिला पणजोबांचं नाव पाटीवर जसंच्या तसं दिसलं. सदका-ए-जारिया आपण म्हणतो, ते याहून वेगळं काय?

दवाखान्याला जोडून १९४८ पासून मुलींचं मेडिकल कॉलेज आहे. त्याला नाव फातिमा जिन्नांचं, म्हणजे एकेकाळी आपल्या मुंबईत दातांचा दवाखाना चालवणाऱ्या बाईंचं. त्या कॉलेजच्या मुली डॉक्टरकी शिकतात गंगारामच्या वॉर्डांत.